तिसरा थेंब

धनेशची पाठ तीन आठवड्यांपासून दुखत होती. पण ती दुखताना घरातल्या कुणालाच दिसत नव्हती.

दिवसभर तो टेम्पोवर चढून टाइल्सच्या पेट्या मोजायचा, माणूस कमी पडला तर उतरवायलाही हात लावायचा. घरी आला की मात्र कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "मी हॉलमध्येच चटईवर आडवा होतो. गादीवर त्रास होतो."

सकाळी हेमांगी, त्याची बायको, ती चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची. पहिल्या आठवड्यात तिने मलम लावून दिलं. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे जायचा आग्रह केला. तिसऱ्या आठवड्यात तिने काहीच विचारलं नाही.

नायगाव स्टेशनपासून खाडीकडे उतरलं की त्यांचं घर लागायचं. घरापुढची भातशेती गेली होती आणि तिथे चोवीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले होते. धनेशने त्याच टॉवरांना टाइल्स पुरवायचा धंदा सुरू केला आणि तो चांगला चालला. घरात आई कमळी, सहा वर्षांची मुलगी रोशनी आणि हेमांगी. हेमांगीचं माहेर सांडोरचं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरीला. "आपल्याला दुसरं बाळ हवं," असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्यानंतरच ही पाठ दुखायला लागली, म्हणून हेमांगी जास्तच गप्प झाली होती.

खरी गोष्ट अशी होती.

धनेश माल आणायला महिन्यातून एकदा गुजरातला जायचा. बरोबर त्याचा चुलतभाऊ आणि धंद्यातला भागीदार मितेश असायचा. अशाच एका फेरीत, हायवेवरच्या लॉजमध्ये, तो एका अनोळखी बाईकडे गेला. त्या बाईने स्वतःहून कंडोमचं पाकीट पुढे केलं होतं. धनेशने ते हाताने बाजूला सारलं.

"मी काय तुला रोगी दिसतो?" तो म्हणाला होता.

बाई म्हणाली होती, "दिसत तर कुणीच नाही." पण त्याने ऐकलं नाही.

तीन-चार आठवड्यांनी त्याला नको त्या जागी एक लहानसा फोड आला. दुखत नव्हता, खाजतही नव्हता. मितेशला सांगितलं तर तो म्हणाला, "उष्णता असेल. ताक पी." पण धनेशच्या मनाला स्वस्थता मिळेना. नायगाव-वसईत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून तो थेट विरारच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात गेला. रक्त तपासलं. सिफिलिस निघाला, जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तो. इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी त्याला समुपदेशकाच्या खोलीत पाठवलं.

तिथे गॉडफ्रे सर बसले होते. गास गावचे, पन्नाशी उलटलेले, डोक्यावर केस कमी आणि बोलण्यात घाई नाही. त्यांनी आधी खिडकी लावून घेतली, मग विचारलं, "वहिनींना कधी आणताय?"

"तिला कशाला? तिला काही झालेलं नाही."

"तुम्हाला तरी कुठे दुखत होतं?"

मग गॉडफ्रे सरांनीच समजावलं,

"बायकांना हा फोड आतल्या बाजूला येतो. दिसत नाही, दुखत नाही, आपोआप जातोही. रोग मात्र अंगात राहतो. आणि दिवस राहिले तर पोटातल्या बाळापर्यंत जातो. बाळ दगावतं सुद्धा. वेळेत औषध घेतलं तर दोघंही वाचतात. एवढी साधी गोष्ट आहे, आणि एवढी मोठी."

गॉडफ्रे सरांनी टेबलावर कंडोमची एक पट्टी ठेवली.

"तिची तपासणी आणि उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही. तुमची एचआयव्हीची चाचणी आज निगेटिव्ह आहे, पण ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागेल. तोवर हे वापरायचं. आणि पुढेही घराबाहेर पाऊल वाकडं पडणार असेल तर याच्याशिवाय पडता कामा नये."

"सर, यात मजा नसते."

"बरं."

"आणि फाटतात पण. एवढासा पातळ पापुद्रा, त्याचा काय भरवसा?"

"बरं. आणखी?"

धनेशने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "आठ वर्षांत घरात कधी वापरलं नाही. आता एकदम घेऊन गेलो तर ती विचारेल, का? आमचं तर दुसऱ्या बाळाचं ठरलंय. म्हणजे मी सगळं कबूल केल्यासारखंच झालं ना?"

"हे खरं कारण," गॉडफ्रे सर म्हणाले. "वीस वर्षं या खुर्चीत बसलोय. पुरुष आधी मजेचं सांगतात, मग फाटण्याचं सांगतात. शेवटी हे निघतं. बायकोला कळेल! धनेशभाऊ, तुम्ही रोगाला घाबरत नाही. तुम्ही बायकोच्या प्रश्नाला घाबरता. आणि त्या एका प्रश्नापायी तिचा जीव पणाला लावता."

धनेशने पट्टी खिशात घातली. परत येताना पुलावर टेम्पो थांबवला आणि ती खाडीत टाकून दिली. घरी आला आणि म्हणाला, पाठ दुखते.

आता यातली सगळ्यात विचित्र गोष्ट सांगायला हवी. हेमांगी ज्या कंपनीत कामाला होती, ती कंडोम बनवणारी कंपनी होती! चार वर्षं ती तिथे दिवसाचे आठ तास कंडोम तपासत होती. पण धनेशला त्याची लाज वाटायची. गावात, नातेवाइकांत तो सांगायचा, "रबरी हातमोज्यांची कंपनी आहे." कमळीही शेजारणींना हेच सांगायची. हेमांगीने एकदोनदा विरोध केला, मग सोडून दिलं. चार वर्षांत धनेशने त्या कंपनीचं दार पाहिलं नव्हतं. बायको तिथे नेमकं काय करते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दारात तो गेला ते धंद्याच्या निमित्ताने. प्रयोगशाळेची फरशी जागोजागी उखडली होती आणि कंपनीला नव्या टाइल्स बसवायच्या होत्या. हेमांगीने साहेबांना धनेशचा नंबर दिला. बुधवारी सकाळी अकरा वाजता तो टेप आणि वही घेऊन मापं घ्यायला पोचला.

शिपायाने त्याला डोक्यावर टोपी आणि बुटांवर पिशव्या घालायला दिल्या. प्रयोगशाळेकडे जायचा रस्ता कारखान्याच्या मोठ्या दालनाच्या काचेजवळून जात होता. तिथे धनेशची पावलं थांबली.

हजारो काचेचे साचे, प्रत्येक वीतभर लांब, एका साखळीला लावलेले, रांगेने पुढे सरकत होते. दुधासारख्या पांढऱ्या रबराच्या हौदात ते डोकं खाली घालून बुडत, वर येत, स्वतःभोवती गोल गोल फिरत, गरम बोगद्यात शिरत आणि पलीकडून निघून पुन्हा बुडत. कुठेही घाई नाही, धक्का नाही. एवढ्या मोठ्या दालनात जेमतेम पाच माणसं होती. धनेशने जन्मभर यंत्रं पाहिली होती, पण अशी शिस्त त्याने पाहिली नव्हती.

"हे संपलं की प्रत्येक पीस विजेवर तपासतात," शिपाई कौतुकाने म्हणाला. "एकूणएक! भोक असेल तर मशीन स्वतःच बाजूला टाकतं. त्यातून पास झाले की मग प्रत्येक लॉटमधले तीनशे पंधरा नमुने मॅडम तपासतात."

"कोण मॅडम?"

"हेमांगी मॅडम. तुमच्याच ना त्या?"

प्रयोगशाळेत तपासणी चालू होती, म्हणून शिपायाने त्याला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. हेमांगीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, हाताने थांबायची खूण केली आणि पुन्हा कामाला लागली. पांढरा कोट, केस टोपीत बांधलेले. तिची मदतनीस रीमा एका बाजूला हवेच्या यंत्रावर काम करत होती. तिने एक कंडोम यंत्राच्या तोंडाला लावला आणि काचेचं दार बंद केलं. हवा भरायला लागली.

धनेश बघत राहिला. पातळ पापुद्रा फुगला. नारळाएवढा झाला. कलिंगडाएवढा झाला. त्याला वाटलं, आता फुटणार. तो फुटला नाही! वर वर चढत गेला, भोपळ्याला मागे टाकलं, रोशनीच्या कमरेपर्यंत आला असता एवढा उंच झाला. त्याच्या आरपार पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. धनेशने नकळत स्टुलाची कड पकडली. मग एकदम फाट्कन आवाज झाला.

"अडतीस लिटर," रीमा म्हणाली.

"किती पुरे असते?" धनेशने न राहवून विचारलं.

"अठरा. अठराच्या आत फुटला तर तो नापास."

अडतीस लिटर! घरातला पाण्याचा मोठा कॅन वीस लिटरचा. जवळजवळ दोन कॅनची हवा त्या पापुद्र्यात मावली होती. 'त्याचा काय भरवसा' हे स्वतःचे शब्द धनेशला आठवले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुसऱ्या बाजूला, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दांड्यांवर ओळीने कंडोम टांगले होते. प्रत्येकात पाणी भरलेलं. ट्यूबलाइटच्या उजेडात ती सगळी रांग चमकत होती, जणू कुणी पावसाचे थेंब मोठे करून टांगून ठेवले होते. हेमांगी त्या रांगेतून एकेक पाऊल पुढे जात होती. प्रत्येकापुढे थांबायची, बोटाच्या टोकाने फिरवायची, खालून वरून बघायची. मग तो काढून, तोंड पिळून बंद करून, टिपकागदावर लाटण्यासारखा फिरवायची आणि कागद उजेडात धरायची.

पाऊण तास ती असं करत होती. एकदाही बसली नाही, एकदाही तिचं लक्ष हललं नाही. धनेशने आपल्या बायकोला भाकरी थापताना पाहिलं होतं, रोशनीची वेणी घालताना पाहिलं होतं. हे रूप त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून एक गृहस्थ घाईघाईने आत आले. ते उत्पादन विभागाचे साहेब, विघ्नेश.

"मॅडम, किती राहिले? गाडी दोन वाजता लागणार आहे. माल आजच गेला पाहिजे."

"बावीस राहिलेत सर. आतापर्यंत दोन गळके निघालेत."

"दोन चालतात ना?"

"दोन चालतात. तिसरा नाही."

साहेब घड्याळ बघत उभे राहिले. हेमांगीने पुढचा उचलला, फिरवला, ठेवला. मग त्यापुढचा. शेवटून सातव्याला तिने कागद उजेडात धरला आणि तशीच थांबली. मग तो साहेबांपुढे धरला. कागदावर मोहरीएवढा ओला ठिपका होता.

"हात ओला असेल तुमचा," साहेब म्हणाले.

हेमांगीने हात पुसले, नवा कागद घेतला, तोच पीस पुन्हा फिरवला. त्याच जागी पुन्हा ठिपका उमटला.

"तिसरा," ती म्हणाली. "लॉट बाद."

"अहो मॅडम, दोन लाखांच्या वर पीस आहेत! तीनशे पंधरामध्ये एक थेंब आला म्हणून सगळे फेकायचे? एवढा एक कागद बाजूला ठेवा. कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच कळणार नाही," हेमांगी शांतपणे म्हणाली. "म्हणूनच तर मला इथे ठेवलंय. सर, हा जो कुणी वापरेल ना, त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही. तो पाकीट फोडतो आणि भरवसा ठेवतो. त्याची बायको तर पाकीटही बघत नाही, तिचा भरवसा त्याच्यावर. तो कुठे राहतो, कोण आहे, मला माहीत नाही. पण त्या घरात रोग गेला तर तो माझ्या सहीने गेला असं होईल. मी सही करणार नाही."

तिने लाल शिक्का उचलला आणि कागदावर मारला. साहेबांनी उसासा टाकला आणि ते म्हणाले, "ठीक आहे. गाडी रद्द करतो." ते गेले.

धनेशच्या हातातली टेप खाली पडली. तिचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

केवढी ही बाई! ज्यांचं तोंडही कधी बघणार नाही अशा माणसांसाठी ही दोन लाख नग अडवते, साहेबाला नाही म्हणते! आणि मी? हिच्याबरोबर आठ वर्षं एका ताटात जेवलो, आणि हिच्यासाठी मी एक साधं वाक्य बोलू शकलो नाही. त्याला तिच्यापुढे उभं राहायचीही भीती वाटली. देवळात गाभाऱ्यापुढे वाटते तशी.

तो बाहेर आवारात आला तेव्हा मितेशचा फोन वाजत होता. "कुठे आहेस रे? माल उतरवायचाय."

"हेमांगीच्या कंपनीत."

"हातमोज्यांच्या?"

"कंडोमच्या," धनेश म्हणाला.

पलीकडून मितेश खदखदून हसला. धनेशने फोन बंद केला.

जेवणाच्या सुट्टीत हेमांगी डबा घेऊन आवारातल्या बाकावर आली. "मापं घेतलीस का?" तिने विचारलं.

"नाही घेतली. हेमा, मला तुला काहीतरी सांगायचंय. तू आधी डबा खाऊन घे."

"बोल."

तो बोलला. लॉज, ती बाई, तिने पुढे केलेलं पाकीट, फोड, विरारचा दवाखाना, इंजेक्शन, खाडीत टाकलेली पट्टी, न दुखणारी पाठ. काही लपवलं नाही. हेमांगी डब्याच्या झाकणावर हात ठेवून ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली,

"इंजेक्शन घेऊन किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे! मी एका थेंबावर दोन लाख अडवते, धनेश. आणि माझ्या अंगात काय चाललंय हे मला सांगायला तुला तीन आठवडे लागले? मी रोज ती चटई गुंडाळताना विचार करत होते की माझ्यात काय कमी पडलं. आणि तू मला विचार करू दिलास!"

तिचे डोळे भरले, पण तिने ते गळू दिले नाहीत. "तू तिथे गेलास याचा राग मी नंतर करीन," ती म्हणाली. "सगळा करीन. आता चल. अर्धा दिवस रजा टाकते."

दुपारी दोघं गॉडफ्रे सरांपुढे बसले होते. हेमांगीचं रक्त घेतलं. एचआयव्ही नव्हता, दिवस राहिलेले नव्हते. पण सिफिलिसची चाचणी पॉझिटिव्ह आली. तिच्या अंगावर एकही खूण नव्हती. अंग दुखलं नव्हतं, ताप आला नव्हता. आणखी दोन-तीन महिने गेले असते, बाळ राहिलं असतं, तर कुणाला काय कळलं असतं?

"वेळेत आलात," गॉडफ्रे सर म्हणाले. "एका इंजेक्शनात बऱ्या व्हाल. नंतर रक्त पुन्हा तपासू, तोवर बाळाची घाई नको. बाळ व्हायला पुढे काही अडचण नाही."

धनेशने तोंडावर रुमाल धरला आणि तो रडला. हेमांगीने त्याला रडू दिलं.

गॉडफ्रे सर कंडोमबद्दल समजावू लागले तेव्हा तीच म्हणाली, "मी सांगते, सर." आणि नवऱ्याकडे वळून तिने सांगितलं, अगदी कामावरच्या आवाजात: "पाकिटावरची तारीख बघायची. दाबून बघायचं, आत हवा लागली पाहिजे. दाताने फोडायचं नाही. खोबरेल तेल लावायचं नाही, रबर सडतं. टेम्पोत उन्हात किंवा पैशांच्या पाकिटात चेपून ठेवायचं नाही. तुम्ही पुरुष म्हणता फाटतो. आम्ही अडतीस लिटरला फाडतो. घरात तो फाटतो तो तुमच्या घाईने."

"आणि मी एक गोष्ट लपवणार नाही," गॉडफ्रे सर म्हणाले. "याने सगळे रोग शंभर टक्के थांबतात असं नाही. सिफिलिसचा फोड झाकल्या जागेच्या बाहेर असेल तर धोका उरतोच. पण एचआयव्हीसकट बहुतेक रोगांचा धोका हा एवढासा पापुद्रा कितीतरी कमी करतो. म्हणून तपासणी हवी, खरं बोलणं हवं, आणि हे हवं. तिन्ही."

त्याच संध्याकाळी हेमांगी रोशनीला घेऊन सांडोरला माहेरी गेली. "किती दिवस ते माहीत नाही," एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी कमळीने तोंड उघडलं. अंगणात तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "माझ्या मनात होतंच. असल्या कंपनीत जाते, नको ते हातात घेते. बाईमानूस बिघडनार नाय तर काय? रोग बिग घेऊन आली असेल घरात. दवाखान्यात कशाला गेली होती, ते कोन सांगनार मला?"

इतकी वर्षं अशा वेळी धनेश उठून बाहेर जायचा. आज तो आईपुढे जमिनीवर बसला.

"आई, रोग मी आणला. बाहेर गेलो आणि घरात घेऊन आलो. तिला माझ्यामुळे झाला. ती मला घेऊन लगेच दवाखान्यात गेली म्हणून वाचली. तिच्या कामाला नाव ठेवू नकोस. ती काय करते ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

कमळीचे हात सुपातच थांबले. पुष्कळ वेळ ती मुलाकडे बघत राहिली, जणू हा कोण माणूस आपल्या अंगणात येऊन बसला! मग सूप बाजूला ठेवून उठली, पदर खोचला, रिक्षा बोलावली आणि एकटीच सांडोरला गेली. तिथे तिने सुनेला काय सांगितलं ते दोघींनाच ठाऊक. हेमांगी आली ती आणखी दहा दिवसांनी, स्वतःच्या मर्जीने. बोलणं सुरळीत व्हायला त्याहून जास्त दिवस लागले. धनेशने घाई केली नाही. ती खोलीत परत बोलावेपर्यंत चटईवरच झोपला, आणि पाठ दुखते असं पुन्हा म्हणाला नाही. पुढे जेव्हा दोघं जवळ आले तेव्हा पाकीट त्यानेच आणलं होतं, नायगावच्या औषधांच्या दुकानातून, ओळखीच्या दुकानदारासमोर नाव घेऊन मागून. मजा गेली का, असं कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, भीती गेली, आणि ती गेल्यावर किती हलकं वाटतं ते आधी माहीतच नव्हतं.

तीन महिन्यांनी दोघं फेरतपासणीला गेले. धनेशची एचआयव्हीची चाचणी पुन्हा निगेटिव्ह आली, हेमांगीचीही. रक्तातलं सिफिलिसचं प्रमाण दोघांचंही उतरणीला लागलं होतं. हेमांगीने कागद दोनदा वाचला आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

बाहेर बाकावर एक तरुण बसला होता. फाईल तोंडापुढे धरलेली, हातात कंडोमची पट्टी चुरगळत होती. नुकताच तो गॉडफ्रे सरांच्या खोलीतून बाहेर आला असावा. धनेश दोन पावलं पुढे गेला, मग परत वळला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"लग्न झालंय?" त्याने विचारलं.

तरुण दचकला. "तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. मी पण या बाकावर बसलो होतो. बायकोला कसं सांगू, हाच विचार करत."

फाईल हळूहळू खाली आली. "मग? सांगितलं?"

"तीन आठवडे उशिरा. लागण तिला आधीच झालेली होती. नशीब, वेळेत औषध मिळालं. तू आज सांग. ती रडेल, ओरडेल, कदाचित माहेरी जाईल. पण ती बरी होईल. न सांगता तू तिच्या नजरेत चांगला राहशील आणि ती आजारी पडेल. मग कुठलं तोंड दाखवशील?"

"ती सोडून गेली तर?"

धनेशने समोर पाहिलं. हेमांगी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. आपल्याच नवऱ्याला पहिल्यांदा बघावं, तशी. "तो तिचा हक्क आहे," तो म्हणाला. "पण तिचा जीव सांभाळणं, ते तर आपल्या हातात आहे ना?"

तरुणाने चुरगळलेली पट्टी सरळ केली आणि खिशात न कोंबता फाईलमध्ये नीट ठेवली. "उद्या घेऊन येतो तिला," तो म्हणाला.

मित्रहो, आपण पुरुष एका पातळ पापुद्र्याला लाजतो, त्याची टिंगल करतो, त्याच्यामुळे आपल्या मर्दानगीला उणेपणा येतो असं समजतो. उणेपणा येतो तो आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या शरीराने मोजायला लावण्यात. कंडोम वापरणं म्हणजे कुणावर अविश्वास दाखवणं नव्हे. आपल्यावर विश्वास टाकून जो माणूस जवळ येतो, त्याच्या विश्वासाची ती राखण आहे. चूक झाली असेल तर तपासून घ्या, जोडीदाराला आजच सांगा, बरोबर घेऊन जा. औषध आहे, उपचार आहे, दवाखान्यात ऐकून घेणारं माणूसही आहे. फक्त तोंड उघडायचं धाडस तेवढं आपलं आपल्यालाच आणावं लागतं.